आजारी कोंबडी आणि नीतिमानाचा कळवळा

शास्त्रपाठ : नीतिसूत्रें १२ : १०, मत्तय २३ : ३७.



ह्या प्रवचनाचा मथळा वाचून कित्येकांस हसूं येईल. पापक्षमा, नवा जन्म, सार्वकालिक जीवन असे थोर विषय असतां पाळकानें आजारी कोंबडीविषयीं बोलावें, हें कांहींस विचित्र वाटेल. परंतु तुमच्या घरीं येतांना मला जें दिसतें, तें मी विसरूं शकत नाहीं. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घरांच्या अंगणांत चार-सहा गांवरान कोंबड्या असतात. ज्या घरीं शेत नाहीं, गाय नाहीं, त्या घरींहि खुराडें असतें. अंड्यांच्या पैशांतून मुलाची वही येते, म्हातारीचें औषध येतें, आणि रविवारीं अर्पणाच्या पेटींत जें नाणें पडतें तेंहि पुष्कळदां त्यांतलेंच असतें. अशा घरांत कोंबडी आजारी पडली म्हणजे ती लहान गोष्ट नसते.

आणखी एक कारण आहे. ऋतु पालटतांना पांखरांत रोग शिरतो, तेव्हां एकच प्रश्न मला निरनिराळ्या वस्त्यांवर विचारण्यांत येतो : "पाळकसाहेब, कोंबडी तीन दिवस तडफडत आहे. तिला मारावें, तर पाप लागेल काय? आणि न मारावें, तर तिचे हाल पाहवत नाहींत." ज्याचें मन कोवळें आहे तोच हा प्रश्न विचारतो. त्याला उत्तर देणें हें पाळकाचें काम आहे. ज्याला हा प्रश्न कधीं पडतच नाहीं, त्याची मला अधिक काळजी वाटते.

शलमोनाच्या सूत्रांतील जें वचन आपण घेतलें आहे, त्याचे दोन भाग आहेत. पहिल्याचा आशय असा कीं, नीतिमान् मनुष्याला आपल्या जनावराच्या जिवाची कदर असते. मूळ इब्री भाषेंत तेथें जें क्रियापद आहे, त्याचा अर्थ 'जाणणें' असा होतो. नुसतें दाणे टाकणें वेगळें आणि जाणणें वेगळें. चांगला मेंढपाळ आपल्या मेंढरांस ज्याप्रमाणें ओळखतो, त्याप्रमाणें ओळखणें म्हणजे जाणणें होय. दुसरा भाग अधिक कठीण आहे. दुष्टाच्या मनांत जो कळवळा असतो तोहि शेवटीं निर्दयच ठरतो, असें तेथें सांगितलें आहे. कळवळा, आणि निर्दय! हीं दोन एकत्र कशीं नांदतात? बायबल-विद्यालयांत असतांना मीं ह्या वचनावर टांचण केलें होतें, परंतु त्याचा अर्थ मला एका विधवेच्या कोंबडीनें पुढें शिकविला. ती हकीकत योग्य ठिकाणीं सांगेन. आपण तीन गोष्टींचा विचार करूं.

पहिली गोष्ट : देवाला पांखराचा विसर पडत नाहीं.

प्रभूच्या काळीं चिमण्या बाजारांत विकत असत. मत्तय सांगतो कीं दोन चिमण्यांना एक लहान नाणें पडे. लूक सांगतो कीं दोन नाण्यांना पांच मिळत. म्हणजे पांचवी चिमणी दुकानदार फुकट घालीत असे. जिची किंमतच कोणीं धरली नाहीं, त्या पांचव्या चिमणीचीहि देवाला आठवण असते, असें प्रभु सांगतो. मोशेच्या नियमशास्त्रांत घरट्याविषयीं आज्ञा आहे कीं, पिलें घेतलीं तरी आईला सोडून द्यावें. योनाच्या पुस्तकाचा शेवट पाहा. निनवे शहरावर देवाला दया येते, आणि त्या दयेचें कारण सांगतांना तो लेंकरांबरोबर तेथल्या गुराढोरांचाहि उल्लेख करितो.

आतां कोंबडीकडे या. शुभवर्तमानांत कोंबडा आरवला त्याची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. परंतु कोंबडीचें नांव प्रभूच्या एकाच उद्गारांत येतें, आणि तो उद्गार मत्तय व लूक ह्या दोघांनींहि लिहून ठेविला आहे. यरुशलेमेविषयीं शोक करितांना प्रभूला आपल्या प्रीतीसाठीं उपमा पाहिजे होती. त्यानें सिंह घेतला नाहीं, गरुड घेतला नाहीं. पिलांना पंखांखालीं घेणारी कोंबडी घेतली. अंगणावर घारीची सावली पडली म्हणजे कोंबडी कशी ओरडते, पंख कसे पसरते, आणि पिलें कशीं धांवत येऊन तिच्या पोटाखालीं शिरतात, हें तुम्हीं शेंकडों वेळां पाहिलें आहे. आपल्या प्रभूनेंहि तें कोठल्या तरी अंगणांत पाहिलें होतें. ज्या पांखराला त्यानें एवढा मान दिला, त्याला त्याचे शिष्य जिवंतपणीं उकिरड्यावर फेंकूं शकतील काय?

दुसरी गोष्ट : जाणणें म्हणजे वेळेवर शुश्रूषा करणें.

मरणाचा विचार करण्यापूर्वीं जगविण्याचा विचार केला पाहिजे. नाहीं तर 'तिला दुःखांतून सोडविलें' ह्या गोड शब्दांखालीं आपण आपला आळस झांकूं.

निर्बळ पांखरूं आपला आजार लपवितें. आजारी दिसणाऱ्यावर शत्रु झडप घालतो आणि बरोबरच्या कोंबड्याहि त्यास टोंचतात, म्हणून देवानें त्यास ही युक्ति दिली आहे. ह्यामुळें आजार आपल्या ध्यानांत येतो तेव्हां तो बहुधा पुष्कळ पुढें गेलेला असतो. म्हणून रोज सकाळीं खुराडें उघडतांना क्षणभर उभें राहून पाहावें. कोण मागें राहिली? कोणाचे पंख लोंबत आहेत? तुरा फिका किंवा काळा पडला आहे काय? विष्ठा हिरवी आहे, पांढरी आहे, कीं रक्ताची? एवढें पाहण्यास प्रार्थनेइतकाहि वेळ लागत नाहीं.

आजारी कोंबडी दिसतांच ती वेगळी करावी. कोरड्या, उबदार जागीं, पोत्याच्या तुकड्यावर, स्वतंत्र डाल्याखालीं ठेवावी. आधीं निरोगी कोंबड्यांस दाणापाणी द्यावें, मग आजारी कोंबडीकडे जावें, आणि नंतर साबणानें हात धुवावे. तांब्याभर पाण्यांत थोडा गूळ व चिमूटभर मीठ घालून तिच्यापुढें ठेवावें; भिजविलेल्या कण्या द्याव्या. ती आपण होऊन पीत नसेल तर चोंचीच्या कडेला थेंब थेंब लावावा. घशांत पाणी ओतूं नये. तें श्वासाच्या नळींत जाऊन ती गुदमरते. रॉकेल, तंबाखूचें पाणी, अथवा माणसांच्या उरलेल्या गोळ्या देऊं नयेत. पशुवैद्यानें औषध दिलें तर त्या दिवसांतील अंडीं किती दिवस खाऊं नयेत, हेंहि त्यालाच विचारावें.

सगळे रोग सारखे नसतात, आणि येथें ज्ञानाची गरज आहे. कोंबडीच्या तुऱ्यावर व डोळ्यांभोंवतीं फोड येऊन खपल्या धरतात, त्या रोगाला आपण 'देवी' म्हणतों. नांव कांहींहि असो, तो कोणाचा कोप नव्हे. तो डांसांच्या चाव्यानें पसरणारा विषाणूचा रोग आहे. डोळे मिटलेले, तोंड सुजलेलें, असें तें पांखरूं पाहून मनुष्य म्हणतो, ही गेली. परंतु फोड कातडीवरच राहिले तर बहुतेक कोंबड्या कांहीं आठवड्यांत बऱ्या होतात. डोळे कोमट मिठाच्या पाण्यानें पुसावे आणि दिसत नाहीं तोंपर्यंत दाणा तोंडाशीं न्यावा. अशा कोंबडीस घाईनें मारणें ही दया नव्हे. त्याचप्रमाणें लहान पिलांस रक्ती हगवण लागते. ती ओल्या, घाण जमिनीमुळें बळावते. पशुवैद्यकीय दवाखान्यांत तिच्यासाठीं पाण्यांत घालावयाचें औषध मिळतें. तें वेळेवर दिलें व जागा कोरडी केली तर पुष्कळ पिलें वांचतात. अंडें अडकून कुंथणाऱ्या कोंबडीला कोमट पाण्यांत पोटापर्यंत बसवून ठेविल्यास कधीं कधीं तेवढ्यानेंच ती मोकळी होते.

परंतु मानमोडी हा रोग निराळा. पशुवैद्य त्यास राणीखेत म्हणतात, कारण १९२७-२८ च्या सुमारास आपल्या देशांत तो कुमाऊंच्या डोंगरांतील त्या गांवीं प्रथम ओळखण्यांत आला. हिरवी हगवण, धाप, लोंबणारे पंख, लुळे पडलेले पाय, आणि शेवटीं पिळवटलेली मान, हीं त्याचीं लक्षणें होत. तो एकदां जडला म्हणजे त्यावर औषध नाहीं. मात्र तो येऊं नये म्हणून लस आहे. पहिल्या आठवड्यांत पिलाच्या डोळ्यांत किंवा नाकांत एक थेंब, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास पंखाखालीं टोंचणी. पुढें केव्हां टोंचावें तें दवाखान्यांत सांगतात. लस बर्फांत आणावी लागते, एका कुपींत शंभर किंवा अधिक पांखरांपुरती असते, आणि कुपी फोडल्यावर ती थोड्या तासांतच संपवावी लागते. एका घरानें आणली तर ती वायां जाते. तेव्हां सर्व वस्तीनें, ख्रिस्ती आणि इतर शेजारी अशा सर्वांनीं, एक दिवस ठरवून ती मिळून आणावी. उपदेशक बंधूंनो, हें काम तुम्हीं अंगावर घ्या. आजारी कोंबडीच्या शेवटच्या घटकेस जी दया करावयाची, तिच्याहून ही आधींची दया मोठी आहे.

तिसरी गोष्ट : जो कळवळा स्वतःलाच जपतो, तो निर्दय आहे.

आतां ती हकीकत सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं पावसाळ्याच्या शेवटीं मी एका वस्तीवर संध्याकाळच्या प्रार्थनेस गेलों. तेथें एक वृद्ध विधवा भगिनी राहते. सर्व तिला मावशी म्हणतात. तिच्या आठ कोंबड्यांपैकीं सात मानमोडीनें मेल्या होत्या. आठवी ओसरीवर पोत्यावर पडली होती. मान उलटी पिळली होती, एक पाय ताठ झाला होता, आणि चोंच उघडून ती धापा टाकीत होती. हा तिसरा दिवस होता. मावशी म्हणाली, "पाळकसाहेब, हिनें मला तीन वेळां पिलें काढून दिलीं. हिचें काय तें तुम्हीच करा. माझ्या हातानें होत नाहीं." शेजारी उभा होता तो म्हणाला, "परवांच सांगितलें असतें, तर रस्सा तरी झाला असता."

मला काय करावें तें सुचेना. मीं गंभीर चेहरा करून म्हटलें, "मावशी, जीव देणारा देव आणि नेणाराहि देवच. आपण हात लावूं नये." मग मीं प्रार्थना केली, तिच्या घरचा चहा घेतला, आणि उपदेशकांच्या घरीं जाऊन स्वस्थ झोंपलों.

सकाळीं आम्ही दोघे त्या वाटेनें निघालों. कोंबडी अजून जिवंत होती. तिच्या डोळ्यांना मुंग्या लागल्या होत्या. मावशी रात्रभर जागी राहून पदरानें मुंग्या झाडीत होती. पहांटे तिचा डोळा लागला होता. आमचे उपदेशक वयानें माझ्याहून मोठे, शिक्षण सातवीपर्यंतचें. ते एक शब्द बोलले नाहींत. त्यांनीं खांद्यावरचा टॉवेल काढला, कोंबडीला अलगद गुंडाळून उचललें, आणि घराच्या मागें गेले. क्षणाचें काम होतें. मग कुदळ मागून खड्डा खणला, तिला पुरलें, हात धुतले, आणि ओसरीवर येऊन म्हणाले, "मावशी, सुटली." मावशी रडली, पण तिचा चेहरा मोकळा झाला. मला ते कांहींच बोलले नाहींत. ते बोलले असते तर मला बरें वाटलें असतें.

बंधूंनो, त्या दिवशीं शलमोनाच्या वचनाचा दुसरा भाग मला कळला. मलाहि त्या कोंबडीची दया आली होती. तें खोटें नव्हतें. परंतु ती दया तिच्यासाठीं नव्हती. माझे हात स्वच्छ राहावे, माझ्या मनाला ओरखडा येऊं नये, आणि वर देवाच्या इच्छेचें पांघरूण मिळावें, एवढ्यासाठीं ती होती. पिलातानेंहि हात धुतले होते. त्या वाटेवरून जाणाऱ्या याजकाच्या व लेव्याच्या मनांत कळवळा नसेलच, असें मी आतां म्हणत नाहीं; तो त्यांच्या हातापायांपर्यंत पोंचला नाहीं, एवढें मात्र खरें. आणि त्या कोंबडीची एक रात्र, त्या वृद्धेची एक रात्र, माझ्या धार्मिक वाक्यानें वाढली.

असा निर्दय कळवळा आपल्या गांवांत आणखीहि रूपें घेतो. कोणी मारणें जिवावर येतें म्हणून आजारी कोंबडी ओढ्याकांठीं सोडून देतो. तेथें कुत्रीं तिचे लचके तोडतात. कोणी तिला पाय बांधून आठवड्याच्या बाजारीं नेतो आणि ती निरोगी आहे असें सांगून विकतो. अशानें पांखराचे हाल, शेजाऱ्याची फसवणूक, आणि दुसऱ्या गांवांत रोगाचा प्रवेश, हीं तीन पापें एका रुपयाच्या लोभानें होतात. आणि लाज वाटते, पण सांगतों, हंगामाच्या उपकारस्तुतीच्या वेळीं लिलांवासाठीं आलेल्या कोंबड्यांतहि मीं पेंगणारी कोंबडी पाहिली आहे. लंगडें व रोगी जनावर वेदीवर आणणाऱ्यांस मलाखी संदेष्ट्यानें काय विचारलें, तें घरीं जाऊन वाचा.

मग ती घटका आली हें ओळखावें कसें? चार प्रश्न आपल्या मनाला विचारावे. ती आपण होऊन कांहीं खाते-पिते काय? ती उभी राहते, अंग झाडते, उन्हाकडे सरकते काय? तिच्या रोगाला उपाय आहे काय, आणि तो मला वेळेवर मिळण्यासारखा आहे काय? कालच्यापेक्षां ती आज बरी आहे काय? ह्यांपैकीं एकाचेंहि उत्तर 'होय' असेल तर शुश्रूषा चालू ठेवावी. लंगडी किंवा एका डोळ्याची कोंबडी दाणे टिपीत असेल, मातींत लोळत असेल, तर तिला जगण्याचा आनंद आहे. तिला राहूं द्यावें. परंतु चारींचें उत्तर 'नाहीं' असेल, तर संध्याकाळ होऊं देऊं नये. कुत्र्यानें पोट फाडलेल्या पांखराच्या बाबतींत तर क्षणाचाहि विलंब नको.

कृति कशी करावी, हेंहि स्पष्ट सांगणें बरें. कारण अज्ञानानें केलेली दया पुन्हां यातनाच होते. हें काम जाणत्या व धीट माणसानें करावें; ज्याला येत नाहीं त्यानें येणाऱ्याला बोलवावें, त्यांत कमीपणा नाहीं. मुलांच्या हातीं हें काम कधींहि देऊं नये. पांखराला कापडांत गुंडाळून, डोळे झांकून, इतर कोंबड्यांपासून दूर न्यावें. अंधारांत तें शांत होतें. मग एकाच ठाम हिसक्यानें डोक्यामागें मान मोडावी, किंवा धारदार हत्यारानें एका घावांत मान वेगळी करावी. त्यानंतर पंख कांहीं वेळ फडफडतात. त्यास भिऊं नये, तेव्हां भान गेलेलें असतें. परंतु श्वास थांबला आहे, आणि डोळ्याला बोट लावलें तरी पापणी हलत नाहीं, हें पाहिल्यावांचून खड्ड्यांत ठेवूं नये. बुडविणें, पोत्यांत कोंडणें, भिंतीवर आपटणें, अर्धमेलें पुरणें, ह्या सर्व क्रूरता आहेत. रोगानें गेलेलें पांखरूं खाऊं नये, कुत्र्यामांजरांस घालूं नये, ओढ्यांत टाकूं नये. विहिरीपासून दूर खोल खड्डा करून, वर चुना टाकून, माती दाबावी आणि हात साबणानें धुवावे.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. एका दिवसांत अनेक कोंबड्या अचानक मरूं लागल्या, तोंडें सुजलीं, तुरे निळे पडले, तर त्यांस हात लावूं नये, कापूं नये. पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावें, अथवा १९६२ ह्या क्रमांकावर दूरध्वनि करावा. आपल्या राज्यांत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें फेब्रुवारी २००६ मध्यें कोंबड्यांतील बर्ड फ्लू ह्या रोगाची देशांतील पहिली साथ आली, आणि जानेवारी २०२१ मध्यें परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा ह्या गांवीं तो रोग पुन्हां आढळला. हा रोग पांखरांपासून माणसांसहि होऊं शकतो. अशा वेळीं सरकारी पथक येतें आणि ठरलेल्या अंतरांतील निरोगी कोंबड्याहि मारल्या जातात. गरिबाला हें फार जड जातें. 'माझी तर धडधाकट आहे,' असें म्हणून कोणी ती खाटेखालीं लपवितो. त्याचें दुःख मी हलकें मानीत नाहीं. पण लपविलेली एक कोंबडी पुढल्या गांवचीं खुराडीं रिकामीं करूं शकते, आणि शेजारच्या मुलाच्या जिवावर येऊं शकते. शेजाऱ्यावर प्रीति करण्याची आज्ञा त्या खाटेखालींहि लागू आहे. मारलेल्या पांखरांची भरपाई सरकार देतें. ती खऱ्या मालकाच्या हातीं पडावी म्हणून यादींत नांव लिहविण्यास उपदेशकानें विधवेस व निरक्षरास साहाय्य करावें.

आतां दोन शंकांचें निरसन करितों.

कोणी म्हणेल, खून करूं नको अशी आज्ञा असतां हें कसें? ती आज्ञा मनुष्याच्या जिवाविषयीं आहे. जलप्रलयानंतर नोहाच्या वंशास देवानें पशुपक्षी अन्नासाठीं दिले. तेव्हां कोंबडी मारणें हें स्वतः पाप नव्हे. परंतु त्याच वेळीं देवानें रक्तासंबंधीं निर्बंध घातला, तो ह्यासाठीं कीं जीव हा आपल्या मालकीचा नाहीं, हें मनुष्यानें विसरूं नये. आपण मालक नव्हें, कारभारी आहों. विनाकारण यातना दिल्याचा हिशेब कारभाऱ्याला द्यावा लागेल. आपल्या देशाच्या १९६० च्या कायद्यानेंहि प्राण्यांस अनावश्यक यातना देणें गुन्हा ठरविलें आहे. पण ख्रिस्ती माणसास पोलिसाच्या आधीं आपला धनी दिसला पाहिजे.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. एका तरुणानें मला विचारलें, "कोंबडीला यातनेंतून सोडविणें ही दया, तर खाटेवर खितपत पडलेल्या आजोबांना सोडविणें दया कां नव्हे?" बंधूंनो, हा पूल ओलांडूं नका. मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे. तो यातनेंतहि प्रार्थना करूं शकतो, क्षमा मागूं शकतो, क्षमा देऊं शकतो, नातवाच्या डोक्यावर हात ठेवूं शकतो. त्याचा जीव आपल्या हातीं दिलेला नाहीं. त्याच्या वेदना शमविण्यासाठीं औषध आणा, अंग पुसा, कूस बदला, रात्रीं जागा. डॉक्टर जेव्हां म्हणेल कीं आतां उपाय चालत नाहीं, तेव्हां निदान एकटें सोडूं नका. कोंबडीचा नियम त्याला लावावयाचा नाहीं. परंतु एक धडा दोन्हीकडे सारखा आहे : दुःख पाहून तोंड फिरवूं नये. जो कोंबडीच्या ओसरीवरून पळतो, तो उद्यां आजोबांच्या खाटेपासूनहि पळेल. मी एकदां पळालों होतों, म्हणून हें सांगतों.

शेवटीं मुलांविषयीं. घरांतील मूल सर्व पाहत असतें. आपण आजारी पांखराला लाथेनें सारलें, तर तें दुर्बळाशीं कसें वागावें हें शिकतें. आपण चार दिवस कण्या भिजवून भरविल्या, पांचव्या दिवशीं रडत रडत पण न घाबरतां तिचे हाल संपविले, आणि नंतर त्याला खरें सांगितलें, तर तेंहि तें शिकतें. 'पळून गेली' असें खोटें सांगूं नका. सांगा कीं ती फार आजारी होती, आपण केलें तेवढें केलें, आणि तिला अधिक दुखूं दिलें नाहीं. पौलानें रोमकरांस लिहिलें आहे कीं सगळी सृष्टि कण्हत आहे आणि सुटकेची वाट पाहत आहे. त्या कण्हण्यांत आपल्या अंगणांतला आवाजहि आहे. ती सुटका देव करील. तोंपर्यंत आपल्या हातून त्या कण्हण्यांत भर पडूं नये, आणि जेथें कमी करितां येईल तेथें आपला हात मागें राहूं नये.

ह्या आठवड्यांत प्रत्येक घरानें एवढें करावें. खुराडें कोरडें करून खालीं राख व चुना टाका. आजारी पांखरासाठीं एक वेगळें डालें ठेवा. लशीचा दिवस उपदेशकांस विचारा. आणि एखाद्या एकट्या वृद्धेच्या ओसरीवर कांहीं तडफडत असेल, तर तिला उपदेशाचें वाक्य देऊन पुढें जाऊं नका. थांबा.

प्रार्थना : हे स्वर्गीय बापा, तूं पांचव्या चिमणीला विसरत नाहींस. आमच्या हातीं दिलेल्या लहान जिवांस जाणण्याची बुद्धि आम्हांस दे. जगवितां येईल तेथें आळस करूं देऊं नको, आणि सोडवावें लागेल तेथें भिऊं देऊं नको. ज्यानें आपल्या पंखांखालीं आम्हांस घेण्याची इच्छा धरिली, त्या प्रभु येशूच्या नांवानें मागतों. आमेन.